मटमध्ये काळ्यावर निळं: टर्मिनलमधल्या मेलचे रंग तुम्ही कसे लावता?

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. रावेरला एका केळी निर्यातदाराचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. तिथली मेल एसएसएचनं (दुरून लॉगिन करून) आत शिरून मट या टर्मिनलमधल्या मेल-प्रोग्राममध्येच वाचतो. कोल्ड स्टोरेजचे इशारे, क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामचे) निरोप, बॅकअपचे अहवाल, वर दोन-तीन मेलिंग लिस्ट, सगळं त्याच खात्यात येऊन पडतं. मळ्यात उभं राहून फोनच्या हॉटस्पॉटवर वेबमेल उघडायची म्हटली तर घड पिकून जाईल.

आता तक्रार. लॅपटॉप बदलला, त्यासोबत टर्मिनलही बदललं. मटची सेटिंगची फाईल तीच आहे, तिच्यात काडीचाही बदल नाही. तरी उत्तरांमधला कोट केलेला मजकूर गडद निळा होऊन काळ्या पडद्यात गडप झालाय. यादीत नवं पत्र कुठलं आणि वाचलेलं कुठलं, ओळखू येत नाही. तिसरी गंमत मराठीची. मजकुरात ‘तापमान’ हा शब्द लाल करायला सांगितलाय, तर ‘तापमानाचा’ मध्ये न पर्यंत लाल आणि पुढचा काना पांढरा!

केळीचा कंटेनर १३-१४ अंशांवर ठेवावा लागतो. त्याच्या फार खाली गेला की साल काळवंडते आणि माल बसतो. तो एक इशारा क्रॉनच्या ढिगात दबला तर मालक कुणाला विचारेल हे सांगायला नको. तेवढं एक पत्र तरी लांबून ओळखू यावं. कुणी नीट रंग लावलेत का? फाईल डकवा.

कट्ट्याच्या नियमाप्रमाणे आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहू. टंकताना अर्थातच रोमन अक्षरं घ्यायची.

---

सातपुडा_शेल

मटला दोष देऊ नका, तो बिचारा फक्त नंबर सांगतो. फाईलमध्ये ‘ब्लू’ लिहिलं की टर्मिनलकडे एस्केप कोड जातो ३४. ३४ म्हणजे नक्की कुठला निळा, हे टर्मिनल आपल्या पॅलेटमधून ठरवतं. जुन्या टर्मिनलमध्ये कुणीतरी तो निळा उजळ करून ठेवला असणार, नव्यात मूळचाच आहे. म्हणून फाईल तीच आणि चित्र वेगळं.

मूळचा निळा किती वाईट ते बघा. एक्सटर्मचा पॅलेटमधला चार नंबर: लाल ०, हिरवा ०, निळा २३८. आपल्या डोळ्याला उजेड जाणवतो तो मुख्यतः हिरव्यातून. निळ्याचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास. हिशेब केला तर काळ्यावर या निळ्याचा कॉन्ट्रास्ट २.२ ला १ येतो. वेबसाठीचे डब्ल्यूसीएजी निकष साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ मागतात. म्हणजे निम्मासुद्धा नाही. तुमच्या डोळ्यांचा नंबर वाढलेला नाही, काळजी नसावी.

वाटा दोन. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन चार नंबरचा रंग उजळ करा, किंवा मटमध्ये निळ्याऐवजी दुसरं काही लिहा. मी पहिली वाट धरेन, कारण एलएसमधल्या फोल्डरांची नावं, गिट, व्हिम सगळीकडे तोच निळा छळत असणार.

पण त्याआधी सर्व्हरवर ‘टीपुट कलर्स’ (टर्मिनल किती रंग दाखवतं ते सांगणारी आज्ञा) चालवा आणि काय आकडा येतो ते इथे सांगा. टीमक्स (एका लॉगिनमध्ये अनेक टर्मिनल सत्रं चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे.

---

पारोळ्याचा_पाटील

काय भो, या जमानामा बी काळा पडदावर मेल? ब्राउझर शे ना! लाल-पिवळं बठ्ठं आपोआप दिसस.

---

तापीकाठ

पाटील भो, तुम्ही एकदा या सावद्याच्या पुढे, नेट कसं चालतं ते दाखवतो. वर भरीत माझ्याकडून.

सातपुडा, बाहेर २५६ आलं, टीमक्सच्या आत ८. टर्मची (टर्मिनलचं नाव सांगणाऱ्या चलाची) किंमत आत नुसती ‘स्क्रीन’ दिसते.

---

सातपुडा_शेल

सापडलं मग. टीमक्सच्या कॉन्फमध्ये ही ओळ टाका:

सेट -जी डिफॉल्ट-टर्मिनल "टीमक्स-२५६कलर"

मग टीमक्स पूर्ण बंद करून परत चालू करा. चालू सत्राला नवीन किंमत लागत नाही, तिथे पुष्कळ जण अडकतात. सर्व्हर जुना असेल आणि ‘टीमक्स-२५६कलर’ ओळखत नसेल तर ‘स्क्रीन-२५६कलर’ चालतं. कुणी किटी किंवा अ‍ॅलाक्रिटीसारखं टर्मिनल वापरत असेल तर उलटा त्रास होतो. ते स्वतःचं नाव सांगतात, ते सर्व्हरच्या टर्मइन्फोत (टर्मिनलांच्या माहितीच्या यादीत) नसतं, आणि मट सुरूच होत नाही. डेबियनवर ‘एनकर्सेस-टर्म’ हे पॅकेज टाकलं की बहुतेक नावं मिळतात. टर्मला हातानं खोटी किंमत देण्यापेक्षा हे बरं.

२५६ म्हणजे काय तेही एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे नंबर आले की कुणी बिचकणार नाही. ० ते ७ मूळचे आठ, ८ ते १५ त्यांचे उजळ भाऊ. हे सोळा पॅलेटमधून येतात, म्हणजे थीम बदलली की बदलतात. १६ ते २३१ हा सहा गुणिले सहा गुणिले सहा असा ठोकळा: १६ मध्ये लालची पायरी गुणिले ३६, हिरव्याची गुणिले ६ आणि निळ्याची तशीच मिळवायची, प्रत्येक पायरी ० ते ५. शेवटचे २३२ ते २५५ म्हणजे करड्याच्या चोवीस छटा. १६ च्या पुढचे रंग थीम बदलून सहसा हलत नाहीत. ज्याला रंग जिथल्या तिथे हवा त्यानं १६ च्या पुढचा नंबर घ्यावा. ज्याला थीमबरोबर सगळं बदलायला हवं त्यानं पहिल्या सोळात राहावं. दोन्हीची खिचडी केली की गोंधळ होतो.

---

अमळनेरकर

सातपुडाताईंनी टर्मिनलची बाजू सांगितली, मी मटची सांगतो. मट १९९५ पासून आहे आणि रंगाची आज्ञा एकच आहे:

कलर <वस्तू> <अक्षराचा रंग> <मागचा रंग> <नमुना>

वस्तू म्हणजे पडद्यावरची जागा. नॉर्मल, इंडिकेटर (यादीतली निवडलेली ओळ), स्टेटस, ट्री (धाग्याच्या फांद्या), एरर, सिग्नेचर, अटॅचमेंट, हेडर, बॉडी, इंडेक्स, आणि तुम्हाला छळणारा क्वोटेड. नमुना लागतो तो इंडेक्स, हेडर आणि बॉडी यांनाच.

क्वोटेडचं असं, की पहिल्या पातळीला ‘क्वोटेड’, दुसरीला ‘क्वोटेड१’, तिसरीला ‘क्वोटेड२’ असं नऊपर्यंत जातं. तिसरीच्या पुढे रंग लावू नका, लिस्टवरच्या भांडणात तेवढ्या पातळ्या होतात पण तिथवर कोण वाचतं! माझं:

कलर क्वोटेड सायन डिफॉल्ट
कलर क्वोटेड१ ग्रीन डिफॉल्ट
कलर क्वोटेड२ मॅजेंटा डिफॉल्ट

मागच्या रंगाला ‘ब्लॅक’ न लिहिता ‘डिफॉल्ट’ लिहा. म्हणजे टर्मिनलचीच पार्श्वभूमी राहते, काळे ठिगळ दिसत नाहीत.

क्वोटेडचीच अजून एक खोड. कुठली ओळ कोट आहे हे मट ‘क्वोट_रेगएक्स्प’ वरून ठरवतं, आणि मूळ किमतीत मोठेपणाच्या चिन्हाबरोबर (>) उभी रेघ, कोलन, महिरपी कंस आणि हॅशसुद्धा आहे. तुम्ही सर्व्हरवाले. कुणी मेलमध्ये कॉन्फिग फाईल चिकटवली की हॅशनं सुरू होणाऱ्या सगळ्या टिपा कोटाच्या रंगात जाणार. त्या नमुन्यात फक्त मोठेपणाचं चिन्ह ठेवा. निओमटमध्ये (मटवरून निघालेल्या नव्या प्रोग्राममध्ये) याच सेटिंगला ‘क्वोट_रेगेक्स’ म्हणतात, शेवटचा प नाही.

प्रयोग करायला मट बंद करायची गरज नाही. कोलन दाबा, आज्ञा लिहा, एंटर. पटलं तर फाईलमध्ये घाला.

---

तापीकाठ

क्वोटेड सायन केला आणि गेलेला मजकूर परत आला! हॅशचं तर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, मला वाटायचं समोरचाच तसं पाठवतो.

आता यादीचं सांगा. नवं, माझ्या नावाचं, इशाऱ्याचं, प्रत्येकाला वेगळा रंग दिला तर?

---

भुसावळ_यार्ड

पोरांनो, मी संगणकवाला नाही, रेल्वेतून निवृत्त. पण १९९० च्या दशकात कार्यालयात पाइन या जुन्या मेल-प्रोग्रामवर टपाल वाचायचो आणि आता घरी मट चालवतो, म्हणून तोंड घालतो.

प्रत्येकाला वेगळा रंग देऊ नका. आमचा चार संकेतांचा सिग्नल बघा. लाल, एक पिवळा, दोन पिवळे, हिरवा. संकेत चार पण रंग तीनच. चौथा रंग आणला असता तर आला असता की, पण लांबून, पावसात, धुक्यात गाडी चालवणाऱ्याला पटकन कळायला हवं, म्हणून पिवळाच दोनदा लावला. त्याच्याही आधीचे हातवाले सिग्नल दिवसा रंगावर नव्हेच, हात आडवा की कललेला यावर ओळखायचे. रंगाचं काम रात्री दिव्याला.

तुमच्या यादीतही तसंच करा. रंग तीन ठेवा आणि बाकीचा फरक ठळकपणानं किंवा अधोरेखेनं दाखवा. तांबडं-हिरवं न ओळखणारी माणसं आपल्या आजूबाजूला असतात, पुरुषांत जास्त. लोको पायलटच्या भरतीत इशिहाराच्या ठिपक्यांची पुस्तकं उगाच दाखवत नाहीत. कुणाला घरी बसून मेल वाचायची तर ती परीक्षा नाही, पण तुमच्या जागी उद्या जो पोरगा येईल त्याला दिसलं पाहिजे ना?

मटमध्ये रंगाशिवायचीही खूण असतेच. यादीत डावीकडे नव्या पत्राला एन, झेंडा लावलेल्याला उद्गारचिन्ह, आणि फक्त तुम्हालाच आलेल्या पत्राला अधिकचं चिन्ह. ती खूण यादीच्या साच्यातून काढून टाकू नका, काही लोक ‘स्वच्छ दिसतं’ म्हणून काढतात.

---

अमळनेरकर

काका, +१. साठवून ठेवलं.

तापीकाठ, काकांचं तत्त्व मटच्या भाषेत असं बसतं:

अनकलर इंडेक्स *
कलर इंडेक्स कलर२४४ डिफॉल्ट "~एफ क्रॉन"
कलर इंडेक्स बोल्ड डिफॉल्ट डिफॉल्ट "~एन"
कलर इंडेक्स बोल्ड यलो डिफॉल्ट "~एन ~पी"
कलर इंडेक्स बोल्ड रेड डिफॉल्ट "~एस तापमान"

पहिल्या नियमातला एफ लहान लिपीतला, म्हणजे पाठवणारा. मोठा एफ म्हणजे झेंडा लावलेलं पत्र. नव्याचा एन मात्र मोठा. लहान एस विषय, लहान पी म्हणजे ‘मला उद्देशून’. या पी ला तुमचे सगळे पत्ते माहीत हवेत, म्हणून ‘अल्टरनेट्स’ मध्ये ते भरा, नाहीतर टोपणपत्त्यावर आलेलं पत्र पिवळं होणार नाही. आणि बोल्ड असं रंगाआधी लिहिणं फार जुन्या मटला समजत नाही, तिथे ‘ब्राइटयलो’ लिहा.

क्रम महत्त्वाचा. एकाच पत्राला दोन नियम लागले तर फाईलमधला नंतरचा जिंकतो. म्हणून सर्वसाधारण वर, तातडीचं खाली. वरचं ‘अनकलर’ यासाठी, की फाईल परत सोर्स केली (म्हणजे मटला परत वाचायला लावली) तर काढून टाकलेले जुने नियम डोक्यात तसेच राहतात.

२४४ म्हणजे मधला करडा. क्रॉनची पत्रं दिसतात पण डोळ्यात घुसत नाहीत. माझ्या मते अख्ख्या फाईलमध्ये सगळ्यात कामाची ओळ हीच. लोक महत्त्वाच्या पत्राला भडक करत सुटतात, बिनमहत्त्वाचं विझवायचं कुणी बघत नाही.

---

धुळ्याचे_मास्तर

अल्पाइनवाले कुणीच बोलेनात म्हणून मी. आमच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षं पाइन आणि मग त्याचा वारसदार अल्पाइन. वॉशिंग्टन विद्यापीठाचं अपत्य. फाईल हातानं लिहायची नसेल तर हे फार बरं, सगळं पडद्यावरच निवडता येतं.

मुख्य यादीतून एस, मग के. सगळ्यात वर कलर स्टाइल. तिथे ‘यूज-टर्मडेफ’ असेल आणि रंग आठच दिसत असतील तर ‘फोर्स-एक्सटर्म-२५६कलर’ निवडा, बाहेर पडताना बदल जपा. मग खाली प्रत्येक गोष्टीचा रंग ठोकळ्यातून उचलायचा. कोटाच्या तीन पातळ्या, त्यापुढे तेच रंग फिरून येतात.

यादीतल्या ओळी नियमानं रंगवायच्या तर वाट वेगळी: एस, आर, मग आय. म्हणजे सेटअप, रूल्स, इंडेक्सकलर. तिथे ‘विषयात अमुक असेल तर अमुक रंग’ असा नियम बनतो. हे सगळं जातं घरच्या फोल्डरमधल्या ‘डॉट-पाइनआरसी’ मध्ये. नाव अजून पाइनचंच आहे, त्यामुळे ‘अल्पाइनआरसी’ शोधत बसू नका.

---

चोपडा_लिपी

मराठीच्या कान्याचं कुणी घेतलं नाही, म्हणून मी घेतो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, जरा लांबण लागेल.

टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटी. प्रत्येक अक्षराला किती चौकटी, हे युनिकोडच्या वर्गवारीवरून ठरतं. आपल्याकडे उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही जागा न घेणारी चिन्हं. ती आधीच्या अक्षराच्या चौकटीतच बसतात. पण काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग ही जागा घेणारी चिन्हं. लिनक्सवरची जीलिबसी ही मूळ लायब्ररी त्यांना स्वतंत्र एक चौकट देते. स्वतंत्र चौकट म्हणजे स्वतंत्र रंग. तुम्ही लाल रंग लावलाय ‘तापमान’ या नमुन्याला. ‘तापमानाचा’ मध्ये नमुना न पाशी संपतो, पुढचा काना नमुन्याबाहेर, त्याची चौकट वेगळी, म्हणून तो पांढरा. मट अगदी सांगितलं तेवढंच करतंय. ‘तापमानं’ असं आलं असतं तर अनुस्वार त्याच चौकटीत बसून लाल दिसला असता.

उपाय सोपा. मराठीत शब्द विभक्ती घेऊन येतो, तेव्हा नमुन्याच्या शेवटी ‘पुढची मोकळी जागा येईपर्यंत काहीही’ असं जोडा:

कलर बॉडी बोल्ड रेड डिफॉल्ट "तापमान[^ ]*"

इतकंच पुरत नाही, कारण आपल्याकडे सामान्यरूप होतं. ‘इशारा’ असा नमुना ‘इशाऱ्याचा’ ला लागणार नाही, रा चा ऱ्या झाला. तिथे शब्द आखूडच तोडायचा: "इशा[^ ]*". याचा दुसरा फायदा म्हणजे ऱ दोन प्रकारे टंकला जातो. एका कळफलकावर तो एकच अक्षर असतो, दुसऱ्यावर र आणि खालचा नुक्ता. डोळ्याला सारखं, रेगेक्सला (नमुना जुळवणाऱ्या यंत्रणेला) वेगळं. आखूड नमुन्यात ती भानगडच येत नाही.

गावांच्या नावांतही तेच. जुने लोक जळगांव लिहितात, नवे जळगाव. "जळगां?व" लिहिलं की दोन्ही सापडतात, कारण प्रश्नचिन्ह फक्त अनुस्वाराला लागतं.

विषयाची ओळ वायरवरून सांकेतिक होऊन येते, पण ~एस उकललेल्या मजकुरावर चालतो, तिथे थेट मराठी नमुना लिहा. फक्त सर्व्हरचं लोकॅल (भाषेचं आणि अक्षरांचं सेटिंग) यूटीएफ-८ हवं. ‘लँग’ नुसतं सी असेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील, आणि तुम्ही रंगाला दोष द्याल.

राहता राहिलं ओळी सरकणं, वेलांटी भलत्या जागी दिसणं. ते टर्मिनलचं दुखणं, मटमधून बरं होत नाही. जीलिबसीनं दिलेल्या चौकटी आणि टर्मिनलनं काढलेलं अक्षर जुळलं नाही की उजवीकडचे रकाने डोलतात. भारतीय लिप्यांसाठी एमएलटर्म हे टर्मिनल एकदा वापरून बघा, त्यात जोडाक्षरं नीट बसवायची सोय आहे.

---

तापीकाठ

चोपडा भाऊ, दंडवत. "तापमान[^ ]*" लावलं, अख्खा शब्द लाल. आणि हो, आमच्या जुन्या गोडाऊनचा मुनीम अजून जळगांवच लिहितो.

---

पारोळ्याचा_पाटील

हाई सोपं ऱ्हातं तं मी बी करतू. कोनी तयार थीम दी ना भो, एक ओळ टाकी दिसू.

---

शहादा_संध्या

पाटीलदादा, तयार थीम आहेत ढीगभर, पण सोलराइज्ड घेणार असाल तर आधी हे वाचा. इथन शूनओव्हरची २०११ ची, मटसाठीही तिची फाईल मिळते. सोळा रंगांत बसवताना त्यांनी उजळ रंगांच्या जागा, म्हणजे ८ ते १५ मधल्या बऱ्याचशा, करड्या छटांना दिल्यात. टर्मिनलचं पॅलेट सोलराइज्डचं असेल आणि मटची फाईलही त्यांचीच, तर झकास. पण पॅलेट सोलराइज्ड आणि फाईल तुमची जुनी, ‘ब्राइटग्रीन’ वगैरे लिहिलेली, तर हिरव्याच्या जागी करडं. उलट केलं तरी वाट लागतेच. जोडीनंच घ्यायची ती.

त्यापेक्षा आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाचा आहे. मे महिन्यात दुपारी ओट्यावर बसून काळा पडदा वाचून दाखवा, आरशासारखं स्वतःचंच तोंड दिसतं. मी दिवसा पांढऱ्यावर काळं करते. तिथे तुमचा पिवळा पार मरतो. शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट १.०७ ला १, म्हणजे नसल्यातच जमा. आणि २४४ चा करडासुद्धा पांढऱ्यावर ४.५ च्या खाली जातो, तिथे मी २४० घेते. मजा म्हणजे काळ्यावर वाया गेलेला तो गडद निळा पांढऱ्यावर सगळ्यात छान दिसतो!

दोन फाईली केल्यात, दिवस आणि रात्र. दोन्हींच्या डोक्यावर ‘अनकलर इंडेक्स *’ आणि ‘अनकलर बॉडी *’. एफ५ ला मॅक्रो लावून दिवसाची सोर्स करते, एफ६ ला रात्रीची. टर्मिनलचं प्रोफाईल मात्र हातानं बदलावं लागतं.

---

सातपुडा_शेल

संध्या, मस्त. मी एअर्क हा टर्मिनलमधलाच दुसरा मेल-प्रोग्राम वापरते, तिथे हे थोडं सुटसुटीत आहे. रंगांची वेगळी ‘स्टाइलसेट’ फाईल असते, एअर्कच्या कॉन्फिगमधल्या ‘स्टाइलसेट्स’ फोल्डरात. मुख्य फाईलमध्ये फक्त ‘स्टाइलसेट-नेम’ द्यायचं. आत ‘एमएसजीलिस्ट_अनरेड.बोल्ड = ट्रू’ असं सरळ वाचता येतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तेच घ्यावं असं माझं मत. पण तापीकाठांची मटची फाईल जमलीये, ती मोडू नका.

निओमटवाल्यांसाठी एक: तिथे ओळीचे तुकडे वेगळे रंगवता येतात. इंडेक्स_ऑथर, इंडेक्स_सब्जेक्ट, इंडेक्स_डेट असे. काकांच्या तीन रंगांच्या नियमाचा तिथे फार लवकर विसर पडतो.

---

यावल_रूट

एचटीएमएल मेल कुणी रंगीत बघतं का? डब्ल्यू३एम या टर्मिनल ब्राउझरनं सगळं काळंपांढरं येतं. ‘अलाउ_एएनएसआय’ चालू केलं की ईलिंक्स या तसल्याच दुसऱ्या ब्राउझरचे रंग दिसतात असं वाचलं.

---

अमळनेरकर

दिसतात, पण ते चालू ठेवू नका. त्या सेटिंगनं पत्रातले एस्केप कोड मट खरे मानतं. म्हणजे पाठवणारा तुमच्या पडद्यावर स्वतःचे रंग लावू शकतो. मटच्या माहितीपुस्तिकेतच इशारा आहे: कुणी ‘पुढे पीजीपीचा निकाल’ अशी नकली ओळ लिहून तिला तुमच्या अटॅचमेंटचाच रंग दिला तर पीजीपीनं पत्राची डिजिटल सही तपासली असं तुम्हाला वाटेल. जाहिरातीचे रंग बघायला एवढी जोखीम कशाला? रंग तुमचेच राहू द्या.

---

भुसावळ_यार्ड

बरोबर. दुसऱ्याच्या हाती सिग्नलची दोरी देत नाहीत.

---

तापीकाठ

काम झालं. शेवटी ठरलं ते असं: कोट सायन आणि हिरवा, क्रॉन २४४, नवं नुसतं ठळक, माझ्या नावाचं नवं पिवळं ठळक. लाल फक्त कोल्ड स्टोरेजला, दुसऱ्या कशालाच नाही, आणि विषयात ‘तापमान’ किंवा ‘इशा’ असलं तरच. त्या ओळीत रंग न दिसणाऱ्यासाठी अधोरेखही घातली, काकांच्या सांगण्यावरून.

एकच शंका राहिली. इशारा कधी कधी विषयात नसतो, आत मजकुरात असतो. म्हणून यादीच्या नियमात ~एस ऐवजी ~बी लावलं, तर फोल्डर उघडायलाच वेळ लागतो. असं का?

---

अमळनेरकर

~बी म्हणजे पत्राचं पोट. यादीतली ओळ रंगवायला मटला प्रत्येक पत्र उघडून वाचावं लागतं. आयमॅप असेल (पत्रं सर्व्हरवरच राहत असतील) तर आधी ते सर्व्हरवरून उतरवावं लागतं. यादीच्या नियमांत पोटात शिरणारे नमुने लावू नका. पाठवणारा, विषय, तारीख, आकार, झेंडे एवढ्यावर भागवा.

तुमच्या बाबतीत उपाय उलट्या टोकाला आहे. इशारे पाठवणारी स्क्रिप्ट तुमच्याच हातात आहे ना? तिलाच विषयात ‘तापमान’ घालायला सांगा.

---

तापीकाठ

स्क्रिप्ट माझीच आहे. आजच विषयाची ओळ बदलतो, आणि मूळ पोस्टखाली पूर्ण फाईल डकवून ठेवतो.

---

पारोळ्याचा_पाटील

भो, फाईलनं जाऊ दे. त्या भरीतनं काय?

---

तापीकाठ

वांगी हिवाळ्यात यायची पाटील. तोवर शेवभाजीवर चालवा.